‘दर्यादिल’मधला दर्या कोणता?

म्हापशाहून एकाने विचारलं आहे: दर्यादिल म्हणजे मोठ्या मनाचा हे ठाऊक आहे, पण हिंदीत दरिया म्हणजे नदी. मग हे मन नदीएवढं की समुद्राएवढं? आणि मराठीत ‘दरियादिल’ लिहिलं तर चालेल का?

समुद्राएवढं. शब्द फारसी, समास बहुव्रीही: दर्यासारखं दिल ज्याचं तो. फारसीत दर्या म्हणजे आजही समुद्रच. मूळ तर फारच जुनं. इराणी सम्राट पहिला दारियस याच्या सुएझजवळच्या शिलालेखात समुद्रासाठी याच शब्दाचं प्राचीन रूप येतं. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातला ‘झ्रयह्’ आणि ऋग्वेदातला ‘ज्रयस्’, म्हणजे विस्तार, हे त्याचेच भाऊबंद. आमू दर्या, सिर दर्या ही मध्य आशियातल्या नद्यांची नावं. तिथे आणि पुढे उर्दू-हिंदीत-पंजाबीत नदीचा अर्थ रुळला. पंजाबात समुद्र आहे कुठे म्हणा!

मराठीने मात्र खारं पाणी सोडलं नाही. दर्यावर्दी नदीत होडी वल्हवणाऱ्याला कुणी म्हणत नाही, आणि शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग होता तो समुद्रावरच. ‘दर्या में खसखस’ ही म्हण तर ‘में’सकट मराठीत घर करून बसली आहे. गोव्यात हा प्रश्न पडूच नये खरं तर. मांडवी ती न्हंय, म्हणजे नदी; मिरामारला लागतो तो दर्या. कोंकणीत किनाराही दर्यादेग.

आता छटा. बाजारात नुस्तेकान्न (मासेविक्रेती) वाट्यावर दोन बांगडे जास्तीचे टाकते तेव्हा ती सढळ हाताची. तिला दर्यादिल म्हटलं तर तीच हसेल. ज्याने कोर्टात खेचलं त्या भावाच्याच मुलीचं लग्न जो स्वतःच्या अंगणात लावून देतो, तो दर्यादिल. इथे देण्यापेक्षा पोटात घालणं महत्त्वाचं. दिलदार त्याच्या जवळचा, पण रोजच्या वापरातला; फारसीत दिलदार म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी, उदारपणाचा अर्थ त्याला आपल्याकडे चिकटला. ‘उदार’ संस्कृत, मूळ अर्थ उंच, थोर. त्याचा ‘उधार’शी काही संबंध नाही, तो ‘उद्धार’वरून आला.

लेखनाचं म्हणाल तर ‘दरियादिल’ हे हिंदी वळण, मराठीत दर्यादिल, आणि नाम दर्यादिली. फक्त ‘र्य’ रफाराचाच हवा. ‘दऱ्या’ लिहिलंत तर त्या डोंगरातल्या.