निळं चमकलं, पण कार्बन डॉट्स झाले का?

प्रश्न: फळांच्या वाया जाणाऱ्या सालींची पूड पाण्यात मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात) १८० अंश सेल्सिअसला १२ तास ठेवली. तपकिरी द्रावण अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. हे कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कणच ना? पेशींच्या प्रतिमा घ्यायला आणि उपचारासाठी चालतील का?

उत्तर: नुसत्या चमकेवरून काहीच ठरत नाही. सालीतली मूळ द्रव्यं आणि तापवताना तयार झालेले छोटे सेंद्रिय रेणूही त्याच दिव्याखाली चमकतात. न तापवलेल्या पुडीचा अर्क शेजारी ठेवून पाहा.

खरं काम सफाईचं, आणि बहुतेकांची घाई तिथंच नडते. द्रावण १०,००० आरपीएमवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, काळा गाळ टाकून द्या, वरचं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मग १,००० डाल्टनच्या (म्हणजे त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) डायलिसिस पिशवीत भरून पाण्यात ४८ तास ठेवा. बाहेरचं पाणी सहा-आठ तासांनी बदला, पण पहिलं पाणी फेकू नका. ते पिशवीतल्या द्रावणाच्या शंभरपट असेल तर चमक फिकी दिसणारच. आटवून मूळ घनफळावर आणा आणि पिशवीतल्या द्रावणाशी ताडून पाहा. बाहेरचंच जास्त उजळ निघालं, तर तुम्ही रेणूंची चमक पाहत होतात. आत उरलेल्याचा आकार टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) तपासा; १० नॅनोमीटरच्या आतले कण हवेत.

क्वांटम यील्डसाठी (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत चमकतो ते मोजायला) तुलना ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लातल्या क्विनीन सल्फेटशी (त्याचं यील्ड ०.५४) करा. दोन्हींचा ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचं माप) ०.१ च्या खाली ठेवा. गडद द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं आणि आकडा चुकतो.

बशीतल्या पेशींसाठी निळा रंग कसाबसा चालतो. पेशींची स्वतःची चमकही तिथेच येते. शरीरात खोलवर पाहायचं तर ६५० ते ९५० नॅनोमीटरचा पट्टा लागतो, कारण तिथे रक्त आणि पाणी प्रकाश कमी शोषतात. निव्वळ सालींचे डॉट्स बहुधा तिथवर पोचत नाहीत.

उपचार, म्हणजे प्रकाश टाकून उष्णता किंवा क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करणं, ही पुढची पायरी. त्याआधी विषारीपणा तपासताना एक फसगत टाळा: एमटीटी रंगद्रव्याचं क्षपण होऊन रंग बदलला की पेशी जिवंत मानतात, पण काही डॉट्स ते क्षपण स्वतःच करतात आणि मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेले, फक्त डॉट्स आणि एमटीटी घातलेले चाचणीच्या प्लेटमधले तीन खळगे ठेवा आणि तेवढं वाचन वजा करा.