वाचक विचारतात : फाळक्यांच्या आधीचे सावेदादा

प्रश्न : आपल्याकडे चित्रपटाचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’पासून मानतात. मग सावेदादांनी त्याआधी केलेल्या चित्रणाचे स्थान काय?

उत्तर : फाळके यांचा मान कथापटाचा आहे, सावेदादांचा अनुबोधपटाचा, आणि तो काळाने आधीचा आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांचा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, तेव्हा त्यांना त्या यंत्राची ओढ लागली आणि त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनी टिपली. फीत धुण्याची सोय येथे नसल्याने ती बोटीने लंडनला पाठवावी लागली. म्हणजे हाताने दांडा फिरवून काय उमटले, हे चित्रण करणाऱ्यालाच कित्येक आठवडे कळत नसे. आणि बिघडले असेल, तर कुस्ती पुन्हा लावता येई, पण घडून गेलेला प्रसंग पुन्हा घडवता येत नसे.

म्हणूनच कुस्तीपेक्षा डिसेंबर १९०१ मधील चित्रण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी, ठरले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तेथे हजर राहिले. कुस्ती कॅमेऱ्यासाठी योजलेली होती. हे स्वागत मात्र कॅमेरा नसता तरी झालेच असते. परकीय अमलात आपल्या माणसाचा गौरव हीच चित्रणाजोगी बातमी आहे, हे त्यांनी ओळखले, आणि भारतीय वार्तापटाची सुरुवात या फितीपासून मानणे आम्हाला रास्त वाटते. १९०३ चा लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला. तो अर्थातच राज्यकर्त्यांचा सोहळा होता.

पुढे चित्रणाचे काम सोडून ते गेटी थिएटरचे व्यवस्थापन पाहू लागले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सरकारी खर्चाने अनुबोधपट काढणारे फिल्म्स डिव्हिजन त्यांच्याच मुंबईत सुरू होऊन दहा वर्षे झाली होती.