सॅमनसाठी एवढी लांब, लवणारी काठी कशाला?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला राहतो. लहानपणी कृष्णेच्या काठावर बांबूच्या काठीने गळ टाकत असे. येथे स्पे नदीवर सॅमनसाठी चौदा-पंधरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची काठी वापरतात आणि ती वेतासारखी लवते. एवढ्या ताकदवान माशाला ताठ काठी बरी नव्हे का?

उत्तर : आधी लांबीविषयी. स्पेचे पात्र रुंद, ओढ जबर आणि काठची झाडी अनेक ठिकाणी पाण्यापर्यंत आलेली. मागे दोरी भिरकावायला जागाच नसल्याने तेथील मासेमारांनी एकोणिसाव्या शतकात दोरीचे टोक पाण्यावर टेकवून, मागे तिचा केवळ फुगवटा करून ती पुढे फेकण्याची रीत बसवली आणि तिला नदीचेच नाव मिळाले, ‘स्पे कास्ट’. त्यासाठी पुष्कळ दोरी एकदम पाण्यावरून उचलावी लागते, आणि ते आखूड काठीला झेपत नाही.

लवचीकपणाचे कारण माशाच्या वागण्यात आहे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत आलेला सॅमन खाणे सोडून देतो. त्यामुळे गळावर पिसे गुंडाळून केलेली माशी तो भुकेल्या माशासारखी झडप घालून गिळत नाही. बहुधा ती तोंडात घेऊन सावकाश वळतो आणि आपल्या जागी परतू लागतो. त्या वेळी बोटांत सैल धरलेला दोरीचा वेढा हलकेच सरकू लागतो. नेमकी इथेच आपली जुनी सवय आड येईल, कारण हिसका दिला की माशी तोंडातून निसटते. मऊ शेंडा पतंगाला द्यावी तशी ढील देतो, मासा वळतो आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. वजन हाताला जाणवल्यावरच काठी उचलावी. पुढे मासा उसळून धावला, तरी काठीचा बाक तो झटका पोटात घेतो आणि दोरी वाचते.

मात्र फार मऊ काठी मी सुचवणार नाही. काठी लांब असली की तरफेचा फायदा माशाला मिळतो. ती कमानीसारखी वाकलेली दिसली, तरी माशावरचा ताण थोडाच असतो. झुंज लांबते, मासा दमून जातो, आणि उन्हाळ्यात पाणी कोमट झाले असेल तर सोडून दिल्यावरही तो दगावू शकतो. स्कॉटलंडमध्ये हंगामाच्या आरंभापासून ३१ मार्चपर्यंत पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडणे कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा हा विचार पहिल्या दिवसापासून हवा. शेंडा मऊ पण बुंधा दमदार अशी कार्बन फायबरची काठी घ्यावी, मासा लागल्यावर ती उभी न धरता आडवी, खाली झुकवून ताण द्यावा, आणि सोडताना मासा पाण्याबाहेर न काढता, प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत हातांत अलगद धरून ठेवावा.