मुलाच्या शिबिरात रोज गोड खाऊ देतात. मी बोलले तर सगळे मलाच 'अति करताय' म्हणतात. माझं चुकतंय का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 8 वर्षांचा आहे, सिंहगड रोडवर 15 दिवसांचं उन्हाळी शिबिर आहे, रोज आंब्याचं पॅकबंद पेय आणि क्रीमची बिस्किटं मिळतात, खेळात जिंकलं की चॉकलेट. पालकांच्या ग्रुपवर तुम्ही विषय काढलात, त्यावरून भांडण झालं, आणि नवरा म्हणतो जाऊ दे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, ग्रुपवर काढलंत तेवढं चुकलं. चारचौघांत बोललं की आयोजकाला स्वतःची बाजू धरावीच लागते.

मी सात उन्हाळे कोथरूडच्या एका शिबिरात खाऊचं खातं सांभाळलंय, म्हणून आधी त्यांची अडचण सांगते. साठ मुलं, एप्रिलचा उकाडा, फ्रिज नाही. पोहे केले आणि विटले तर? एखाद्याचं पोट बिघडलं तर? पुड्यातलं बिस्किट विटत नाही, मोजून देता येतं आणि कुणी आपल्याकडे बोट दाखवत नाही. यात डाव कुणाचाच नसतो. आळस असतो आणि थोडी भीती. पहिल्या वर्षी मी हौसेने नाचणीचे लाडू करून नेले होते. दोन दिवसांनी माळीकाकांनी जास्वंदीच्या कुंड्यांतून एकोणीस लाडू काढून दाखवले.

आता साखरेचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर (यात गूळ, मध, फळांचा रसही आला) दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. आठ वर्षांच्या मुलाचे दिवसाचे 1500 उष्मांक धरले तर वरची हद्द साधारण 37 ग्रॅम येते. पेयाचा 150 मिलीचा डबा घ्या आणि पाकिटामागचा तक्ता वाचा, बहुतेक वेळा 20 ग्रॅमच्या आसपास साखर निघते. क्रीमच्या चार बिस्किटांत आणखी दहा-पंधरा. म्हणजे दिवसाचा कोटा सकाळी अकरालाच जवळजवळ संपला, आणि घरचा चहा-बिस्किट, जॅम-पोळी अजून बाकीच आहे.

पण ग्रुपवर 'साखर खाऊन पोरं चेकाळतात' असं लिहिलं असेल, तर तो मुद्दा सोडून द्या. कोणाला साखर दिली हे मुलं, पालक, तपासणारे यांपैकी कुणालाच माहीत नसेल अशा पद्धतीने प्रयोग झालेत, आणि 1995 साली त्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा मुलांच्या वागण्यात फरक सापडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर मजेशीर आहे: आयांना सांगितलं की मुलांना भरपूर साखर दिलीय. दिली नव्हतीच. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली! साठ मुलं एका मैदानात सोडली की ती चेकाळणारच.

खरं नुकसान दातांचं आहे. गोड तोंडात गेलं की तिथले जंतू आम्ल करतात आणि पुढचा अर्धा तास तरी दात त्यात भिजत राहतात. त्यामुळे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या मुलाची पहिली पक्की दाढ नुकतीच आली असणार, आणि क्रीम नेमकं तिच्या खाचांत जाऊन बसतं. 'आम्ही नाही का गोळ्या-बिस्किटं खाल्ली' म्हणणाऱ्या बाबांना एवढंच विचारा की गावाहून मामा आला की मिळायचा तो खाऊ, रोज अकरा वाजता मिळायचा का?

दुसऱ्या टोकाच्या पालकांनाही एक सांगते. 'शिबिरात साखर आणायचीच नाही' हा नियम करू नका. आमच्याकडे टाइप 1 डायबेटिस असलेला एक मुलगा होता. वेताळ टेकडीवर चढताना त्याच्या रक्तातली साखर खूप उतरली. तो एकदम घामाघूम झाला, हात थरथरायला लागले, चिडचिड सुरू झाली. आईने आधीच शिकवून ठेवलं होतं म्हणून ताईने लगेच रसाचा छोटा डबा त्याला पाजला, बसवून ठेवलं, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजली. त्या दिवशी तो डबा औषध होता.

तर करायचं काय? मुलाला न्यायला जाल तेव्हा आयोजकांना एकट्याने गाठा आणि एकच गोष्ट मागा: रोजचं पेय बंद, त्याऐवजी पाणी किंवा ताक. (पन्हं सुचवू नका. गूळ घातला म्हणून पन्हं पुण्यवान होत नाही.) शिबिर शाळेच्या आवारात असेल तर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) 2020 च्या नियमांची आठवण करून द्या. शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला त्यात मनाई आहे. वाटण्याबद्दल नाही, विकण्याबद्दल आहे, पण आयोजक विचारात पडतात. बिस्किटांच्या जागी केळी, फुटाणे, चुरमुरे. केळं तर सालातच पॅकबंद असतं, भीतीचा मुद्दाच संपला. चॉकलेटऐवजी आम्ही जिंकणाऱ्याला पुढच्या खेळाची शिट्टी वाजवायला द्यायला लागलो. चॉकलेटसाठी झाली नव्हती तेवढी भांडणं शिट्टीसाठी झाली.

शेवटच्या दिवसाचं आइस्क्रीम मात्र खाऊ द्या. आणि नवऱ्याचं इथे ऐका: सगळे बिस्किटं खात असताना मुलाला वेगळा डबा घेऊन बसवू नका. मखाण्याचा डबा आणणारी एक मुलगी आमच्याकडे होती. तिच्या आईला मोज्यांत वितळलेलं चॉकलेट सापडलं ते कपडे धुताना.

नुसतं मागू नका, 'सोमवारची केळी मी आणते' म्हणा. एवढं म्हटल्यावर नाही म्हणणारा आयोजक मला अजून भेटलेला नाही. मार्केट यार्डातून साठ केळी आणायची म्हणजे पिशवी जड होते, तेव्हा नवऱ्याला बरोबर न्या.