प्राण्यांवरच्या विनोदी कवितेतले अलंकार कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय : प्राणी बोलतात म्हणजे चेतनगुणोक्ती, एवढं लिहिलं की पुरे का? माझ्या मते नाही. चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवतात. बैल तर आधीच जिवंत! घागर किंवा गिरणा नदी रुसली, तर तो अलंकार निःशंक लिहा.

आमच्या खान्देशातल्याच ओळी रचून दाखवतो.

‘गिरणेकाठी म्हैस बसली, जणू डांबराची टेकडी’ : इथे उत्प्रेक्षा, म्हणजे एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना. ‘जणू’ काढून ‘टेकडीसारखी’ केलं की उपमा, म्हणजे नुसतं साम्य दाखवणं.

‘बोदवडच्या बोकडाने बाजारात बोंब ठोकली’ : ‘ब’ चा अनुप्रास, म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणं. मोठ्याने म्हणून बघा, हसू त्या आवाजातूनच येतं.

‘सावद्याच्या माकडाने एका घासात केळीची बाग फस्त केली’ : अतिशयोक्ती. विनोदी कवितेत हा हमखास सापडतो.

पण खरी गंमत इथे आहे :
‘बैल म्हणे, पोळ्याला पुरणपोळी,
पाडव्याला पाठीवर पराणी’

पाडवा म्हणजे इथे पोळ्याचा दुसरा दिवस, आणि पराणी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. ‘प’ चा अनुप्रास आहेच, पण बोलणं बैलाचं असून टोला बसतो माणसाला, एक दिवस पूजा करून वर्षभर राबवून घेणाऱ्याला. एकाला उद्देशून बोलायचं आणि लागायचं दुसऱ्याला, ही अन्योक्ती. लेकी बोले सुने लागे, तसंच. प्राण्यांच्या कवितेत मी आधी हीच शोधतो, आणि मुलं नेमकी हीच लिहायची विसरतात.

एका ओळीत दोन अलंकार दिसले तर दोन्ही लिहा, फक्त प्रत्येकापुढे तो ज्या शब्दांवरून ओळखला ते शब्द दाखवा.