‘पूना’चं ‘पुणे’ करताना

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासद-यादीत गावाच्या रकान्यात कोणी ‘पूना’ लिहिलंय, कोणी ‘पुना’, कोणी नुसतं ‘पु.’. सगळ्यांचं ‘पुणे’ करायचंय, बाकी गावांना हात लावायचा नाही. हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच शिकतोय. इफमध्ये (‘जर’च्या अटीत) इफ घालत गेलो आणि माझाच गोंधळ उडाला. शिवाय एल्स (‘नाहीतर’चा भाग) गाळलं की कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून चालण्याजोगा करणारा, अडून बसतो. थोडक्यात कसं लिहू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी एल्सचं बघू. हास्केलमधला इफ म्हणजे हुकूम नव्हे, त्यातून काहीतरी किंमत हाती यावीच लागते. गाव ‘पूना’ नसेल तर काय द्यायचं हे तुम्ही सांगितलंच नाही, तर यादीत त्या जागी ठेवायचं काय? म्हणून ‘एल्स गाव’. आलं तसं परत.

पण तीन-तीन नियम असताना इफ हवाच कशाला? डेटा.मॅप (हास्केलमधली जुनं-नवं अशा जोड्या ठेवायची सोय) वापरून एक तक्ता करा : ‘पूना’, ‘पुना’, ‘पु.’ आणि प्रत्येकासमोर ‘पुणे’. मग एवढंच उरतं (टाइप अर्थात इंग्रजीत करा) :

मॅप (\गाव -> फाइंडविथडिफॉल्ट गाव गाव तक्ता) यादी

मॅप यादीतल्या प्रत्येक गावाला कंसातलं काम लावतं. ‘गाव’ दोनदा आलंय ती छपाईची चूक नाही. पहिलं ‘नाही सापडलं तर हेच द्या’ म्हणून, दुसरं तक्त्यात शोधायला. सातारा तक्त्यात नाही, म्हणून साताराच परत येतं. उद्या ‘पूणे’ निघालं तर तक्त्यात एक नोंद वाढवायची, बस. क्लोजर या दुसऱ्या भाषेत रिप्लेस हे फंक्शन आयतंच आहे, त्याला तक्ता आणि यादी दिली की झालं.

मी एकदा सोसायटीच्या यादीवर एडिटरचं ‘शोधा-बदला’ चालवलं होतं. ‘पूना हॉस्पिटलमागे’चं ‘पुणे हॉस्पिटलमागे’ झालं. सेक्रेटरी काकांनी विचारलं, “काय हो, हॉस्पिटलचं बारसं परत कधी केलंत?” तक्त्याने असं होत नाही, कारण अख्खी किंमत जुळली तरच बदल होतो. मात्र ‘पूना’च्या मागे एक स्पेस चिकटलेली असली तरी जुळत नाही, तेव्हा आधी डेटा.टेक्स्टमधलं स्ट्रिप लावून कडेच्या स्पेस काढा. जुनी यादी तशीच शाबूत राहते. नवीशी झिप करून (ओळीला ओळ जोडून) नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या तेही डोळ्यांखालून घाला.

आणि रकाना रिकामा असेल तर तिथे ‘पुणे’ ठोकून देऊ नका. पिंपरीचे सभासद फोन करतील.