नाळ कुठे पुरली आणि टाक कुठे आहेत

पंचवटी, नाशिक

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लिखाणातलं प्रकरण दोनदा वाचलं. आजीच्या आठवणींची पानं उत्तम उतरली आहेत, त्यांना हात लावू नकोस. पण ‘आम्ही साडेतीन हजार वर्षांपासून इथलेच, नेवाशाच्या उत्खननातली मडकी त्याचा पुरावा’ या वाक्यावर मी पेन्सिलीने काट मारली आहे. राग मानू नकोस. तसलंच वाक्य तिशीत मीही एका स्मरणिकेत ठोकून दिलं होतं. पुढे दुसऱ्याच गावच्या एकाने तीच मडकी दाखवून तोच दावा केला, तेव्हा माझी बोलती बंद झाली.

१९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर खणलं, आणि संगमनेरजवळच्या जोर्व्यालाही. त्या गावावरून जोर्वे संस्कृती हे नाव पडलं. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. तांबूस, वर काळी नक्षी, टिचकी मारली तर खणकन वाजणारी भांडी. मेलेल्या लहान मुलांना पुरायला मात्र ही देखणी भांडी नसत; त्यासाठी हाताने घडवलेले राखाडी, ओबडधोबड रांजण. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, आत लेकरू, डोकं उत्तरेला, आणि हे घराच्या जमिनीखालीच. सोबत एखादं तोटीचं भांडं. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत अडकून राहिलेल्या दोऱ्यात रेशीम सापडलं. ते वाचलं त्या दिवशी मी पुढचं पान उलटलं नाही.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या जोर्वे वस्तीत मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले आढळतात. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन भटकू नये म्हणून, असं म्हणतात. तोडलेला घोटा दिसतो. ‘म्हणून’ आपण जोडलेलं असतं. तुझ्या प्रकरणात दिसलेलं आणि जोडलेलं, दोन्ही एकाच वाक्यात येतात, ते वेगळं कर.

स्थलांतराचंही तसंच. प्रवरेकाठच्या दायमाबादला एकावर एक पाच संस्कृतींचे थर आहेत: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि वर जोर्वे. उत्तर हडप्पा थरात कच्च्या विटा लावून बांधलेली कबर निघाली. माळव्याची भांडी इथवर आली ती माणसांसोबत आली असणार, पण कोणासोबत? अख्खं गाव उठून आलं, एखादा कुंभार आला, की लग्न होऊन आलेली सून? नुसतं खापर पाहून यांतलं काही ठरत नाही. त्यामुळे ‘आले’ हे क्रियापद लिहिताना कर्ता कोण, ते आधी स्वतःला विचार.

नाव सांगून ठेवणारे लोकही आहेत. पांडवलेण्यांत सतरा नंबरचं लेणं बघून ये. तिथे धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त सांगतो की मी उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा यवन (म्हणजे ग्रीक), आणि हे लेणं आईवडिलांच्या नावे कोरवलं. परगावी स्थिरावलेला माणूस आईबापांची आठवण आपल्या डोंगरात ठेवून गेला. हा मला नेहमी शेजारचाच वाटतो.

आता जिवंत माणसांकडे. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि गाव सांगितलं की वही उघडते आणि पणजोबांची सही समोर येते. तुझ्या घराण्याची वही शोध. कोण कुठून येऊन अस्थी सोडून गेलं, ते तिथे सापडेल. ज्यांच्या वह्या नाहीत, त्यांची आठवण देवघरातल्या टाकांत, म्हणजे देवांच्या आणि पूर्वजांच्या धातूच्या ठशांत असते.

विचारताना मात्र जपून. मी एकदा दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला आलेल्या एका म्हातारीला धाडकन विचारलं, ‘तुमच्याकडे लहान मूल गेलं तर कुठं पुरतात?’ ती उठली, चुलीकडे गेली, लाकूड सारखं करत बसली. तासाभराने मी नुसतं ‘मूळ गाव कोणतं?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘नाळ पुरली सुरगाण्यात, टाक पेठंला थोरल्याकडं. आता कोन्तं लिवायचं ते तुमी बघा.’ मी दोन्ही लिहिली. मुलाचं तिने सांगितलं नाही, मीही परत विचारलं नाही.

आजही दात न आलेलं मूल आपण जाळत नाही, पुरतो. हे लिही, अवश्य लिही. पण रांजणापासून इथवर सलग रेघ ओढू नकोस. मधल्या अडीच हजार वर्षांत ती कुठे तुटली, कुठे नव्याने सुरू झाली, हे ना तू पाहिलंस, ना मी.

धुळवडीला इकडेच ये. दुपारनंतर वीर, म्हणजे घराण्याचे मानाचे पूर्वज, मिरवणुकीने निघतात, घरोघरचे टाक घेऊन गोदाघाटावर. कोणत्या घरचा वीर कुठून आला, हे त्या गर्दीत बायका आपसूक सांगतात. मोबाइल पिशवीत ठेव, वही आण. आणि आजीला घेऊन येता आलं तर फारच बरं. ती कोणाच्या वीराला हात जोडते ते बघायचं आहे.

तुझा,
सर